विश्लेषण : श्रद्धांजली ज्यांना, त्यांचेच नाव कव्हरवर नको? ट्रिब्यूट अल्बमबाबत कायदा काय सांगतो?

मोहम्मद रफी, तलत महमूद आणि संगीतकार मदन मोहन या तिघांची जन्मशताब्दी २०२४ मध्ये झाली. अशी निमित्ते आली की जुनी गाणी नव्या आवाजात गाणारे अल्बम, तिकीट लावून होणारे कार्यक्रम आणि यूट्यूबवरील चित्रफिती यांची रांग लागते. रसिकांत मग ठरलेला वाद सुरू होतो. मूळ गाण्याला हात लावू नये, असे एकांचे म्हणणे. गायलेच नाही तर नव्या पिढीपर्यंत ते पोहोचणार कसे, असा दुसऱ्यांचा सवाल. या वादात परवानगी कोणाची घ्यायची आणि पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. भारतीय कायद्यात मूळ हक्कधारकाचा होकार नसतानाही गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची एक वाट आहे. पण त्या वाटेने गेल्यास मूळ गायकाचे नाव अल्बमच्या कव्हरवर छापता येत नाही. हे असे का?

ट्रिब्यूट अल्बम म्हणजे नेमके काय?

एखाद्या गायकाची, संगीतकाराची किंवा वाद्यवृंदाची गाणी इतरांनी त्याच्या सन्मानार्थ पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकत्र काढली, की तो ट्रिब्यूट अल्बम. त्यातील प्रत्येक गाणे हे ‘कव्हर’, म्हणजे आपल्याकडच्या कॅसेटच्या काळातील शब्दांत ‘व्हर्जन’ असते. यात मूळ ध्वनिमुद्रण वापरले जात नाही. गायक नवा, वादक नवे, स्टुडिओही नवा. शब्द आणि चाल तेवढी जुनी.

रीमिक्सचे तसे नसते. त्यात अनेकदा मूळ ध्वनिमुद्रणाचाच तुकडा घेऊन त्यावर नवा ठेका चढवला जातो. कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. कारण एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. कव्हर करणाऱ्याचा संबंध पहिल्या दोन हक्कांशी येतो. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरणाऱ्याला तिन्ही हक्कांची सोय लावावी लागते.

जगभरात ही पद्धत कशी रुजली?

पाश्चात्त्य संगीतात १९९० च्या दशकाची सुरुवात ही ट्रिब्यूट अल्बमची भरभराट मानली जाते. १९९० मध्ये कोल पोर्टर यांची गाणी नव्या कलाकारांनी गायलेला ‘रेड हॉट अँड ब्लू’ हा अल्बम एड्सविरोधी कामाच्या मदतीसाठी निघाला. १९९३ मध्ये ‘स्वीट रिलीफ’ हा अल्बम व्हिक्टोरिया विल्यम्स या गायिकेच्या उपचारासाठी निघाला. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता आणि आरोग्य विमा नव्हता. मित्र कलाकारांनी तिचीच गाणी गाऊन निधी उभा केला.

त्याच वर्षी ‘ईगल्स’ या विसर्जित झालेल्या बँडची गाणी कंट्री संगीतातील गायकांनी ‘कॉमन थ्रेड’ या अल्बममध्ये गायली. तो तुफान खपला आणि पुढच्याच वर्षी मूळ बँड पुन्हा एकत्र आला. १९९१ च्या ‘आय एम युअर फॅन’ या लिओनार्ड कोहेन यांना वाहिलेल्या अल्बमची गोष्ट आणखी वेगळी. त्यात जॉन केल यांनी ‘हालेलुया’ हे तोवर फारसे न गाजलेले गाणे गायले. ते ऐकून जेफ बकली यांनी १९९४ मध्ये आपल्या अल्बममध्ये ते घेतले आणि पुढे ते जगभर पसरले. ट्रिब्यूट अल्बम कधी कधी मूळ गाण्याला दुसरा जन्म देतो, तो असा.

भारतात व्हर्जन गाण्यांचा बाजार कसा फुलला?

हिंदी चित्रपटांतील जुन्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क दीर्घकाळ मुख्यतः एचएमव्ही, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाकडे होते. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि चित्र बदलले. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि ती कमी किमतीत गावोगावी पोहोचवली. मूळ ध्वनिमुद्रण दुसऱ्याचे असले तरी शब्द आणि चाल यांची ठरलेली रॉयल्टी भरून नवे ध्वनिमुद्रण करण्याची मुभा कायद्यात होती. तिचा हा व्यापारी उपयोग होता. किशोरकुमार यांची गाणी गाणारे कुमार सानू आणि रफी यांची गाणी गाणारे सोनू निगम यांची श्रोत्यांशी पहिली ओळख अनेक घरांत अशाच कॅसेटमधून झाली.

सगळेच अल्बम या वाटेचे नव्हते. लता मंगेशकर यांनी १९९२ मध्ये एचएमव्हीसाठी केलेल्या ‘श्रद्धांजली’ या अल्बममध्ये सैगल, रफी, किशोरकुमार, मुकेश, हेमंतकुमार, गीता दत्त अशा दिवंगत गायकांची गाणी स्वतः गायली. आशा भोसले यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्य चौकडीबरोबर राहुल देव बर्मन यांच्या रचनांचा अल्बम केला, त्याला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. हक्क असलेली कंपनी सोबत असेल किंवा हक्कधारकाशी रीतसर करार असेल, तर कायद्यातील विशेष वाटेची गरजच पडत नाही. मग नाव, छायाचित्र, वाद्यरचना सगळे करारानुसार ठरते.

‘हम आपके हैं कौन’चा वाद काय होता?

‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट १९९४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच्या गाण्यांच्या कॅसेट लाखोंनी खपल्या. मूळ गाण्यांचे हक्क ग्रामोफोन कंपनीकडे होते. टी-सीरिजची मूळ कंपनी सुपर कॅसेट्सने त्याच गाण्यांचे व्हर्जन, जवळपास त्याच नावाने बाजारात आणले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ग्राहक दुकानात कॅसेट उचलतो तेव्हा ती मूळ चित्रपटातील आहे असा त्याचा समज होईल का, हा कळीचा मुद्दा होता.

१९९५ च्या निकालात न्यायालयाने मूळ कॅसेटसारखी दिसणारी मांडणी आणि रंगसंगती वापरण्यास मनाई केली. ही मूळ ध्वनिमुद्रणे नाहीत, दुसऱ्या कलाकारांनी गायलेले व्हर्जन आहे, हे ठळक अक्षरांत स्पष्ट केल्याशिवाय चित्रपटाचे नाव वापरता येणार नाही, असे बजावले. पुढे कायद्यात जे आले, त्याची बीजे या वादात दिसतात.

२०१२ मध्ये कायद्यात काय बदलले?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. जून २०१२ पासून ती लागू आहे. कव्हर गाण्यांसाठी ‘३१ सी’ हे स्वतंत्र कलम आले. त्यातील मुख्य अटी अशा :

– गाणे आधी हक्कधारकाच्या संमतीने ध्वनिमुद्रित झालेले हवे.

– पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले, ते वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते. आधी ही मुदत दोन वर्षांची होती. म्हणजे २०२१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले गाणे या वाटेने १ जानेवारी २०२७ पूर्वी करता येणार नाही.

– हक्कधारकाला आगाऊ नोटीस, कव्हर व लेबल यांच्या प्रती आणि रॉयल्टीची आगाऊ रक्कम द्यावी लागते.

– शब्द किंवा चालीत बदल करता येत नाही. आधी हक्कधारकाच्या संमतीने झालेला किंवा तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य असलेला बदल तेवढा चालतो.

– मूळ गाणे शेवटचे ज्या माध्यमात निघाले त्याच माध्यमात कव्हर काढावे लागते. ते माध्यम बाजारातून गेले असेल, तरच दुसरे चालते. कॅसेटवर अडकलेल्या गाण्यांसाठी हा अपवाद महत्त्वाचा.

– प्रत्येक गाण्यासाठी वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, मग प्रत्यक्ष खप कितीही असो.

मग नाव न घेता श्रद्धांजली कशी वाहायची?

याच कलमात आणखी एक अट आहे. कव्हरच्या वेष्टनावर त्या गाण्याच्या आधीच्या ध्वनिमुद्रणातील कोणत्याही कलाकाराचे नाव किंवा चित्र देता येत नाही. ज्या चित्रपटात ते गाणे होते, त्या चित्रपटाचेही देता येत नाही. उलट, हे या कलमाखाली केलेले कव्हर आहे, असे छापणे बंधनकारक आहे.

हेतू समजण्यासारखा आहे. मोठ्या गायकाचे छायाचित्र आणि नाव ठळक, प्रत्यक्ष गाणाऱ्याचे नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत, असे होऊ नये. ग्राहकाची फसवणूक टळावी. पण या अटीत प्रामाणिक आदरांजलीही सापडते. रफींची दहा गाणी कोणी मनापासून गायली आणि ३१ सी खाली अल्बम काढला, तर कव्हरवर ‘रफी’ हा शब्द येऊ शकत नाही. निव्वळ संगीतकाराला किंवा गीतकाराला वाहिलेल्या अल्बमला ही अडचण थेट येत नाही, कारण बंदी आधीच्या ध्वनिमुद्रणातील कलाकाराच्या नावावर आहे. मात्र सुधीर फडके यांच्यासारखे संगीतकार स्वतःच्या चाली स्वतः गात. अशा गाण्यांबाबत हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

त्यामुळे नाव मिरवायचे असेल, तर हक्कधारकाशी स्वेच्छेचा करार हाच मार्ग उरतो. तो मोठ्या कंपनीला परवडतो. तालुक्याच्या गावातील गायकाला तो कितपत मिळतो, हा खरा प्रश्न.

मराठीसाठी ५० हजारांची अट जाचक नाही का?

हिंदी चित्रपटगीताच्या खपाशी मराठी भावगीताची तुलना होऊ शकत नाही. कायद्याला याची जाणीव आहे. एखाद्या भाषेतील किंवा बोलीतील गाण्यांचा संभाव्य प्रसार पाहून किमान प्रतींचा आकडा सर्वसाधारण आदेशाने कमी करता येईल, अशी सोय कलमातच आहे. हे अधिकार आधी कॉपीराइट मंडळाकडे, नंतर बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे होते. २०२१ मध्ये ते अपील मंडळच बरखास्त झाले आणि अशी कामे व्यावसायिक न्यायालयांकडे गेली. छोट्या गायकाच्या दृष्टीने न्यायालयाची पायरी ही मंडळाच्या दारापेक्षा उंच असते.

पैसे कोणाला मिळतात?

बहुतेक श्रोत्यांचा समज असतो, की ज्याला ट्रिब्यूट आहे त्याला पैसे मिळत असतील. तसे नसते. कव्हरमध्ये मूळ ध्वनिमुद्रण वापरलेले नसल्याने मूळ गायकाला त्यातून काही मिळत नाही. रॉयल्टी शब्द आणि चाल यांच्या हक्कधारकाची.

चित्रपटगीतांत हे हक्क वर्षानुवर्षे निर्मात्यांकडून संगीत कंपन्यांकडे जात राहिले आणि गीतकार-संगीतकारांच्या हाती एकरकमी मानधनापलीकडे फारसे उरत नसे. २०१२ च्या दुरुस्तीने येथेही बदल केला. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांना सोडून देता येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. ज्येष्ठ गीतकार जावेद अख्तर यांनी त्या काळात राज्यसभेत आणि बाहेरही हा मुद्दा लावून धरला होता.

जुनी गाणी आपोआप मोफत होतात का?

‘साठ वर्षे झाली, आता गाणे सगळ्यांचे’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो.

‘मुगल-ए-आझम’ १९६० चा. त्या ध्वनिमुद्रणांची मुदत २०२० अखेर संपली. पण गीतकार शकील बदायुनी १९७० मध्ये गेले, म्हणून शब्दांचा हक्क २०३० अखेरपर्यंत आहे. संगीतकार नौशाद यांचे निधन २००६ मधले, म्हणून चालीचा हक्क २०६६ अखेरपर्यंत. मराठीतही तेच. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये गेले. म्हणजे शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालींचा २०६२ अखेरपर्यंत. रामनवमीला गीतरामायणाचा नवा अल्बम काढू पाहणाऱ्याने हे गणित आधी मांडलेले बरे.

अमेरिकेत हे सोपे आहे का?

काही अंशी आहे. तेथे १९०९ पासून ‘सक्तीचा परवाना’ ही पद्धत आहे. गाणे एकदा प्रसिद्ध झाले, की ठरलेला दर भरून कोणीही त्याचे ध्वनिमुद्रण करू शकतो. हा दर २००६ पासून २०२२ पर्यंत प्रत्येक प्रतीमागे ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये तो १२ सेंट झाला. पाच वर्षे थांबावे लागत नाही, किमान ५० हजार प्रतींची अट नाही. आपल्या शैलीत बसेल इतपत वाद्यरचना बदलता येते. मूळ चाल आणि गाण्याचा गाभा मात्र बदलता येत नाही. मोठ्या संख्येने ट्रिब्यूट अल्बम तेथे निघाले, याचे हे एक कारण.

टीव्ही डिजिटल झाला, गाणी मोबाइलवर आली, कायद्याचे काय?

२०१२ हे वर्ष दुसऱ्या कारणानेही लक्षात राहिले. मुंबईसह काही महानगरांत केबल टीव्ही डिजिटल झाला, घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांची पाळी २०१३ मध्ये आली. ‘सा रे ग म प’सारख्या कार्यक्रमांतून जुनी गाणी नव्या आवाजात ऐकण्याची सवय टीव्हीने आधीच लावली होती. डिजिटल झाला तरी तो कायद्याने ‘प्रसारण’च राहिला. रेडिओ आणि टीव्ही वाहिन्यांना ठरलेल्या दराने गाणी वाजवता यावीत म्हणून ‘३१ डी’ हे कलमही त्याच दुरुस्तीत आले.

पुढे श्रोते मोबाइल अ‍ॅपकडे वळले. विंक या अ‍ॅपने याच कलमाचा आधार घेतला, तेव्हा टिप्स कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की हे कलम रेडिओ आणि टीव्हीपुरते आहे, इंटरनेटवरील स्ट्रीमिंगला ते लागू नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे तेच गाणे टीव्हीवर वाजले तर एक नियम आणि मोबाइलवर वाजले तर दुसरा.

यूट्यूबवर गाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, ३१ सी हे फक्त ध्वनिमुद्रणासाठी आहे. चित्रफितीला ते लागू होत नाही. त्यामुळे मोबाइलसमोर बसून गायलेल्या गाण्याची चित्रफीत या कलमाच्या छत्राखाली येत नाही. प्रत्यक्षात तेथे ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा काम करते. हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी नवी चित्रफीत ताडली जाते, चालही ओळखली जाते. मग हक्कधारक ती बंद करू शकतो, किंवा चालू ठेवून जाहिरातीचे उत्पन्न घेऊ शकतो. ‘मूळ कलाकारांना श्रेय’ असे खाली लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

दुसरी गोष्ट, जाहीर कार्यक्रमांची. तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमासाठी गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा, म्हणजे आयपीआरएसचा परवाना लागतो. हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांनाही आहे. तीच मैफल चित्रित करून ऑनलाइन टाकली, की सूट संपते.

तिसरी, बदलांची. हक्क कंपनीकडे असले तरी रचनाकाराचा ‘नैतिक हक्क’ वेगळा राहतो. रचनेची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला धक्का लागतो, असे वाटल्यास तो किंवा त्याचे वारस दाद मागू शकतात. २०२० मध्ये ‘मसकली’चे नवे रूप आले, तेव्हा ए. आर. रहमान आणि प्रसून जोशी यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. हक्काचा मालक आणि गाण्याचा जनक यांतील अंतर तेव्हा सगळ्यांना दिसले.

एआयच्या आवाजातील श्रद्धांजलीचे काय?

हा वाद आता दाराशी आला आहे. कव्हरमध्ये नवा माणूस गातो. एआयमध्ये दिवंगत गायकाचाच आवाज नव्याने घडवला जातो. रहमान यांनी २०२४ मधील ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचे आणि मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली.

अरिजित हयात आहेत. दिवंगत गायकाच्या आवाजावर वारसांचा हक्क किती, हे कॉपीराइट कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही. ३१ सी ची भाषा कॅसेट आणि सीडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे. प्रती, वेष्टन, लेबल हे तिचे शब्द. आज गाण्याला वेष्टन नाही, प्रती मोजता येत नाहीत आणि गाणारा माणूस असेलच असेही नाही. तोवर शताब्दीचा अल्बम काढू पाहणाऱ्या लहान गायकापुढे दोनच पर्याय राहतात. नाव न छापता कायद्याच्या वाटेने जायचे, किंवा नाव छापण्यासाठी हक्कधारकाचे दार ठोठावायचे.